नऊ सेंटिमीटरनं आखूड झालेली बाई

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. माणसं मोजून झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. खरं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर त्या हातात पेन्सिल घेऊन खाली येतील आणि विचारतील, "हे सगळं असंच घडलं याची खात्री केलीत का?" या एका प्रश्नामुळेच जिन्यात सगळे त्यांना खात्रीबाई म्हणतात. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणणारा मी एकटा, आणि माझं वय झालंय म्हणून खपून जातं.

त्यांचं काम असं. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ मंडळी संशोधन करतात, त्यावर शोधनिबंध लिहितात आणि छापायला पाठवण्याआधी तो खात्रीबाईंकडे येतो. त्या तो वाचण्यासारखा करून देतात. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही अशी लोकांची जुनी तक्रार आहे. खात्रीबाई म्हणतात, अक्षर परवडलं हो, एकदा त्यांची वाक्यं वाचून बघा. शिवाय औषधाच्या डबीत घडी घालून ठेवलेला कागद असतो ना, जो आपण न वाचता फेकतो, तसले कागदही त्या लिहितात. रुग्णांना द्यायच्या पुस्तिका लिहितात. सासूबाईंना मात्र हे काम कधी पटलं नाही. सून काय करते असं कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "डॉक्टरांनी घातलेले स्वल्पविराम पुसते आणि तेच शेजारी नेऊन ठेवते. त्याचे पैसे देतात म्हणे."

बाई या धंद्यात पडल्या त्या एका उंदरामुळे. शिक्षण संपल्यावर त्या एका प्रयोगशाळेत लागल्या होत्या. काम काचेच्या नळ्या धुण्याचं. एक दिवस साहेबांनी अहवाल टंकायला दिला. त्यात लिहिलं होतं की औषध दिलेल्या बारा उंदरांपैकी पाच दगावले. बाई उठल्या, पिंजऱ्यापाशी गेल्या, मोजून आल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "साहेब, सात नंबर जिवंत आहे. आत्ता माझ्याकडे बघत होता." साहेब आधी लाल झाले, मग पिंजऱ्यापाशी गेले आणि मग दुसऱ्या दिवसापासून नळ्या धुवायला दुसरं माणूस लागलं, अहवाल बाईंकडे आले. तेव्हापासूनचा बाईंचा नियम आहे: आधी माणसं मोजायची, मग वाक्यं वाचायची. किती जण आले, किती सोडून गेले, किती वारले, किती उरले. बेरीज जुळली तरच पुढचं पान. एका बड्या सर्जननं लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर सर्वच्या सर्व रुग्णांनी समाधान व्यक्त केलं. बाईंनी समासात बारीक अक्षरात विचारलं, "तिसऱ्या पानावर दगावलेल्या दोघांनीसुद्धा? कृपया खात्री करावी."

त्यांची खोली तुम्ही बघायला हवी. खिडकीला लागून टेबल, त्यावर संगणकाचे दोन पडदे, एक लाकडी पट्टी, हिरव्या पेन्सिलींनी भरलेला कान तुटलेला कप. पेन्सिल हिरवी, कारण लाल रंग बघितला की डॉक्टर लोकांना शाळा आठवते आणि ते भांडायला उठतात. भिंतीवर कॅलेंडर आणि त्याखाली एक कागद चिकटवलेला: 'घाई त्यांची, चूक माझी.' खुर्ची एकच. दुसरी ठेवली तर मी येऊन बसतो, असं कारण त्यांच्या घरातून माझ्यापर्यंत पोचलंय.

तर गेल्या वर्षीची गोष्ट.

इथल्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण आहे. हुशार, सतत धावपळीत, डबा खाताना उभी. तिनं साठीच्या पुढच्या साठ बायका गोळा केल्या, सगळ्या गुडघ्यांनी हैराण. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. पहिल्या तीस जणींनी आठवड्यातून तीनदा दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये यायचं आणि व्यायामवर्ग करायचा. दुसऱ्या तीस जणींना फक्त एक पुस्तिका मिळणार, तेच व्यायाम चित्रांसकट. त्यांनी ते घरी करायचे. तीन महिन्यांनी कुणाचे गुडघे किती सुधारले ते बघायचं. ती पुस्तिका लिहिली होती खात्रीबाईंनी. चार महिने खपून, एकेक वाक्य घासूनपुसून.

त्या साठ जणींत खात्रीबाईंच्या सासूबाई होत्या आणि सासूबाईंची नणंदही होती, म्हणजे खात्रीबाईंच्या आतेसासू. दोघी एकत्र नाव घालायला गेल्या, कारण पन्नास वर्षांत एकीनं केलेली गोष्ट दुसरीनं केली नाही असं झालेलं नाही. चिठ्ठीत सासूबाईंना वर्ग मिळाला आणि आत्याबाईंना पुस्तिका. आत्याबाईंनी तो अपमान समजला.

सासूबाईंना वर्गानं जे काही झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आधी त्या जिना उतरायच्या तेव्हा प्रत्येक पायरीला कठड्याला काहीतरी सुनवायच्या. महिन्याभरात कठड्याचा हात सुटला. दोन महिन्यांत माझ्या दारावरून जाताना टकटक करून "उठलात का?" विचारायला लागल्या. वर्गात सात मैत्रिणी झाल्या. कुणाची सून कशी, कुणाचा जावई कसा, सगळा माल तिथून थेट माझ्यापर्यंत यायचा. सांगायचं म्हणजे त्या वर्गाचा फायदा मलाही होत होता.

आणि मग बातमी आली की वर्ग बंद होणार.

झालं होतं असं. तीन महिने संपले, शेवटची तपासणी झाली, डॉक्टरणीनं घाईघाईनं आकडे मांडले तर दोन गटांत म्हणण्यासारखा फरकच दिसेना. वर्गाच्या बायका थोड्या पुढे होत्या, पण त्यांच्या हिशोबात जी एक रेषा ओलांडावी लागते, तिच्या केसभर अलीकडे राहिल्या. अर्थ सरळ होता. पुस्तिका पुरते, मग वर्ग कशाला? दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं की शोधनिबंध पक्का झाला की हॉल सामानाला द्या आणि पुस्तिका शहरातल्या सगळ्या दवाखान्यांत वाटा.

खात्रीबाईंच्या आयुष्यातला हा सोन्याचा दिवस म्हणायला हवा. त्यांचं लिखाण सगळ्या शहरात वाटलं जाणार होतं. पण घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. सासूबाई चहाचा कप ठेवायच्या तो आपटून आणि म्हणायच्या, "घ्या. माझा वर्ग खाल्लात, आता चहा घ्या." सुनेला अहोजाहो सुरू झालं की समजावं, प्रकरण गंभीर आहे. नवरोबा वर्तमानपत्रामागे गेले ते चार दिवस बाहेर आले नाहीत.

अशा हवेत तो शोधनिबंध खात्रीबाईंच्या टेबलावर आला. सोमवारी. रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी माणसं मोजली. साठ आल्या, साठ राहिल्या, कुणी वारलं नाही. छान. मग तक्ते. वय, वजन, उंची. पुस्तिकेच्या गटाची सरासरी उंची सुरुवातीला १५४.६ सेंटिमीटर. शेवटी १५४.३.

दुसरा कुणी असता तर पुढे गेला असता. तीन मिलिमीटर म्हणजे काय, जाड पुठ्ठा. पण बाईंची पेन्सिल तिथं थांबली. तीस बायका, प्रत्येकी तीन मिलिमीटर. एक तर तीसच्या तीस बायका ठरवल्यासारख्या तीन तीन मिलिमीटर खचल्या. नाहीतर एकच बाई नऊ सेंटिमीटरनं आखूड झाली.

त्यांनी डॉक्टरणीला फोन लावला. ती ओपीडीत होती. म्हणाली, ताई, निबंध गुडघ्यांचा आहे, उंचीचा नाही. टायपिंगची चूक असेल, सुरुवातीचाच आकडा दोन्हीकडे घाला. बाई म्हणाल्या, घालते, पण आधी मूळ नोंदी पाठव. नावं झाकलेली मूळ यादी मंगळवारी सकाळी आली. बाईंनी लाकडी पट्टी पडद्याला लावली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेल्या. चव्वेचाळीस नंबर सापडली. आली तेव्हा १५८. तीन महिन्यांनी १४९. वजनही सात किलोनं उतरलेलं. गुडघेदुखी मात्र जवळजवळ पळालेली. पुस्तिकेच्या गटात एवढा गुण दुसऱ्या कुणालाच आला नव्हता.

चूक एका आकड्याची असती तर टायपिंगची म्हणता आली असती. इथं सगळी बाईच बदलली होती.

मग खात्रीबाईंनी जे केलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं. त्याच दिवशी तपासलेल्या बाकीच्या बायकांमध्ये १४९ उंचीची कुणी आहे का ते बघितलं. वर्गाच्या गटात एक होती. सतरा नंबर. वय बहात्तर, वजन सकाळी एकसष्ट किलो दोनशे. चव्वेचाळीस नंबरचं दुपारी एकसष्ट सहाशे, म्हणजे मध्ये जेवण झालेलं. तपासणाऱ्या नर्स दोन वेगळ्या, सकाळची आणि दुपारची. पण शेरा दोघींनी एकच लिहिला होता. एकीनं लिहिलं होतं, 'प्रश्न विचारला की उलट प्रश्न विचारतात.' दुसरीनं, 'उत्तर देण्याऐवजी आम्हालाच प्रश्न.'

खात्रीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. एकशे एकोणपन्नास हा आकडा त्यांना पाठ होता. सासूबाईंचा हात पोचावा म्हणून स्वयंपाकघरातली फळी त्यांनी त्याच मापानं सुताराकडून खाली करून घेतली होती.

आता इथं जरा थांबा आणि त्यांच्या जागी बसून बघा. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळणार नव्हतं. पुस्तिका शहरभर गेली असती. मी त्यांना नंतर विचारलं, किती वेळ विचार केलात? म्हणाल्या, चहा उकळायला लागतो तेवढा. मग म्हणाल्या, नाही, तेवढाही नाही, गॅस लावायचा राहिला होता.

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. सून समोर बसली.

"आई, शेवटच्या तपासणीला तुम्ही दोनदा गेला होतात का?"

"एका दिवसात कुणी दोनदा जातं का?"

"तेच विचारतेय."

"मग मला कशाला विचारतेस? त्या नर्सला विचार."

"नर्सनं उंची लिहून ठेवलीय. चव्वेचाळीस नंबरच्या बाई तीन महिन्यांत नऊ सेंटिमीटरनं आखूड झाल्यात."

सासूबाईंचा हात शेंगेवर थांबला. मग त्या हळूच म्हणाल्या, "पन्नास वर्षं वन्सं उंचीवरून मला ऐकवतात, आणि नेमकी त्याच दिवशी मी ती विसरले."

मग सगळं बाहेर आलं. आत्याबाईंना त्या दिवशी जायचा कंटाळा आला होता. त्यांनी फोन करून सांगितलं, वहिनी, तू जातेच आहेस तर माझंही कार्ड दाखव, दोघींचे गुडघेच तर आहेत. सासूबाईंना वाटलं, डॉक्टरीण पोर बिचारी साठ जणी मोजते, एक कमी भरली तर तिचं काम अडेल. म्हणून सकाळी स्वतःच्या नावानं गेल्या, घरी येऊन जेवल्या, दुसरा चष्मा लावला आणि दुपारी नणंदेच्या नावानं गेल्या. दुखतं का विचारलं तर खरं तेच सांगितलं, की आता काही दुखत नाही. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"तुमचा गुडघा वर्गानं बरा झाला," सून म्हणाली, "आणि ते सगळं जमा झालं माझ्या पुस्तिकेच्या नावावर. म्हणून दोन गटांत फरक दिसेना."

सासूबाईंनी शेंगांची परात बाजूला सारली. "म्हणजे माझा वर्ग मीच बंद पाडला?"

"अजून पडला नाही. नियमात दोन आठवड्यांची सवड आहे. शनिवारी दुपारपर्यंत आत्याबाई स्वतः जाऊन मोजून आल्या, तर त्यांचा खरा आकडा धरता येईल. नाही आल्या तर तो गाळावा लागेल आणि एक बाई कमी भरल्यानं आहे तोच निष्कर्ष राहील."

"आणि आल्या, आणि त्यांचाही गुडघा बरा निघाला तर?"

"तर मग पुस्तिका खरंच चांगली आहे."

डॉक्टरणीला कळलं तेव्हा ती डबा बाजूला ठेवून आधी खाली बसली. मग म्हणाली, ताई, मी आकडा बदला म्हणाले होते ना, ते विसरा. निबंधात हे सगळं जसं झालं तसं लिहायचं असंही तिनं लगेच कबूल केलं. पोरगी सरळ आहे. प्रश्न उरला तो आत्याबाईंचा.

आत्याबाई राहतात शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फोनवर त्यांनी साफ सांगितलं की गुडघा इतका दुखतो की खाली उतरवत नाही. बुधवारी खात्रीबाईंनी विनवलं, नाही. गुरुवारी भाच्यानं, म्हणजे आपल्या नवरोबांनी, विनवलं, नाही. वर्तमानपत्राच्या आड राहून विनवलं असणार. शेवटी शुक्रवारी सासूबाई स्वतः निघाल्या. मला दारात बघून म्हणाल्या, "पन्नास वर्षांत त्या बाईकडे मी मिठाचा खडा मागितला नाही."

तिथं काय झालं ते मला दोन्ही बाजूंनी कळलंय आणि दोन्ही हकिकती जुळतात, हेच एक आश्चर्य. सासूबाई तीन मजले दमही न लागता चढून गेल्या. आत्याबाई दारातच उभ्या होत्या, नजर वरून खाली, नेहमीसारखी. सासूबाईंनी पाणीसुद्धा न घेता सांगून टाकलं:

"वन्सं, तुमच्यावाचून माझं अडलंय."

आत्याबाई म्हणाल्या, "परत म्हण. पंखा लागलाय, नीट ऐकू आलं नाही."

पंखा बंद होता. सासूबाईंनी परत म्हटलं. आत्याबाईंनी डोळे मिटून ऐकलं, गाणं ऐकावं तसं. मग विचारलं की तू हे तीन मजले न थांबता कशी चढलीस. सासूबाई म्हणाल्या, वर्गामुळे. आत्याबाई म्हणाल्या, मला कुठे दिला वर्ग, मला कागद दिले. आणि मग कपाटातून चप्पल काढली.

शनिवारी सकाळी दवाखान्यात तिसरीच नर्स होती. कोण कुठल्या गटातली हे तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. पुस्तिका आपली म्हणून खात्रीबाईंनी आत जायचं नाही असं ठरलं. त्या बाहेर बाकावर बसल्या, शेजारी सासूबाई, आणि त्यांच्या शेजारी मी, कारण एवढं होऊन मी घरी बसेन असं वाटलंच कसं तुम्हाला?

दार अर्धवट उघडं होतं. आधी उंची. नर्स म्हणाली एकशे अठ्ठावन्न. आत्याबाई म्हणाल्या साडेअठ्ठावन्न, नीट बघ. नर्सनं नीट बघितलं, एकशे अठ्ठावन्नच. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो मी लिहून दाखवू शकत नाही. मग दुखण्याचे प्रश्न. जिना चढताना? दुखतं. उतरताना? जास्त दुखतं. रात्री? त्याचं तर विचारूच नका. प्रत्येक उत्तराला सासूबाई सुनेचा हात दाबत होत्या. नणंदेच्या दुखण्यानं एवढा हर्ष झालेली भावजय मी दुसरी पाहिली नाही, आणि पाहिल्या आहेत पुष्कळ.

शेवटचा प्रश्न होता, घरी काही व्यायाम केलात का, काही वाचलंत का.

"पुस्तिका दिली होती," आत्याबाई म्हणाल्या. "फार चांगली आहे. जाड आहे. दाराखाली लावली की दार आपटत नाही."

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेनं समोरच्या भिंतीकडे बघितलं. आणि मग खात्रीबाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग डोळ्यांना पाणी आलं, मग चष्मा काढावा लागला. त्यांना बघून सासूबाई सुटल्या. आतून नर्सनं येऊन दार लावून घेतलं.

सोमवारी आकडे परत मांडले. वर्गाचा गट रेषेच्या पलीकडे गेला, केसभरच, पण गेला. हॉल सामानाला द्यायचा राहिला. वर्गाला आता एकोणचाळीस बायका आहेत. अभ्यास संपल्यावर लगेच आत्याबाईंनीही नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी उंचीचा फायदा घेऊन पुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. मागच्यांना काही दिसत नाही म्हणून तक्रार गेलीय. कुणी केली ते मी सांगणार नाही.

पुस्तिका शहरभर गेली नाही. पण खात्रीबाई तेव्हापासून दर बुधवारी आत्याबाईंकडे जातात, नवी पानं घेऊन. दोन ओळी वाचून दाखवतात आणि म्हणतात, आता करून दाखवा. आत्याबाई जिथं अडतात तिथं हिरवी खूण. जुनीतली चाळीस पानं आता बारावर आली आहेत. दाराला लावायच्या उपयोगाची ती राहिली नाही, अशी आत्याबाईंची कुरकुर आहे.

दोन महिन्यांनी शोधनिबंधाची प्रूफं आली. त्या दिवशी सासूबाई आपण होऊन सुनेच्या खोलीत गेल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची एकच, तीवर त्या बसल्या आणि सून उभी राहिली. "मी कुठे आहे ते दाखव," म्हणाल्या. निबंधात कुणाचं नाव नसतं, म्हणून सुनेनं पाचव्या पानावरच्या एका इंग्रजी वाक्यावर पट्टी ठेवली आणि त्याचा अर्थ मराठीत वाचून दाखवला: 'पुस्तिकेच्या गटातील एका सहभागी महिलेच्या अंतिम तपासणीस चुकून दुसरी सहभागी महिला उपस्थित राहिली, मूळ महिलेची तपासणी ठरलेल्या मुदतीत पुन्हा करण्यात आली.'

सासूबाईंनी तो अर्थ दोनदा वाचून घेतला. वाक्यावरून बोट फिरवलं. मग सुनेकडून एकेक शब्द लावून घेतला आणि बोट एका शब्दावर थांबलं.

"हे 'चुकून' कुणी लिहिलं?"

"मी. का?"

"मी चुकून गेले होते का? चांगली ठरवून गेले होते. दुसरा चष्मा लावून गेले होते." त्यांनी कपातली हिरवी पेन्सिल उचलली आणि सुनेच्या हातात दिली. "काही लिहायच्या आधी खात्री करायची ना."

सुनेनं तो शब्द खोडला.